चौदा चकत्या

रॉडरिक हेलच्या दाराची बेल दाबण्याआधी अलका सबनीस फाटकापाशी पाच मिनिटं उभी राहिली. भीती वाटली म्हणून नव्हे. पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या नावाने ती बोटं मोडत आली होती, त्याच्यात अजून काही शिल्लक आहे की नाही, हे तिला आधी बघून घ्यायचं होतं. अंथरुणाला खिळलेला, भ्रमिष्ट झालेला असता तर ती तशीच मागे फिरली असती. अशा माणसावर सूड घेण्यात काय अर्थ? पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसला. शहात्तर वर्षांचा, ताठ, घरातसुद्धा टाय बांधलेला. कपाच्या काठाच्या आत एक बोट धरून तो केटलमधलं पाणी ओतत होता. बोटाला चटका बसला की थांबत होता. माणूस पुष्कळ शिल्लक होता. अलकाने बेल दाबली.

ही गोष्ट २००४ च्या ऑक्टोबरमधली, ब्रिस्टलची. चार दिवसांपूर्वी लायब्ररीच्या नोटिसबोर्डावर तिने एक चिठ्ठी वाचली होती. ब्रिटनमध्ये स्की-लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यांचा इतिहास लिहितो आहे, नजर अधू झाली आहे, टायपिंग करायला आणि वाचून दाखवायला कुणी हवं आहे. खाली नाव आणि फोन नंबर. अलकाने इकडेतिकडे बघून ती चिठ्ठी टाचणीसकट काढली आणि पर्समध्ये टाकली. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायला नको होती.

हेलने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघितलं. त्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसत होतं. "माफ करा हं," तो म्हणाला, "मला आता माणसांचे फक्त कान दिसतात. नाव काय म्हणालात?"

"अलका सबनीस."

त्याने स्पेलिंग विचारलं. मग पुन्हा एकदा विचारलं. "इंडियन ना? आमच्या ड्रॉइंग ऑफिसातही एक इंडियन मुलगी होती. ॲलिस म्हणायचो आम्ही तिला. हात फार सुंदर, पण कामात घोळ घालायची. तिच्या एका चुकीपायी एक तरुण पोरगा जन्माचा अधू झाला. सातव्या प्रकरणात येईल ते."

"हो का," अलका म्हणाली. "मग सोमवारपासून येऊ का मी?"

ॲलिस म्हणजे तीच. अलका पुण्याची, पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल ड्रॉइंगचा डिप्लोमा केलेली. तिच्या वर्गात तिच्याशिवाय एकच मुलगी होती. लग्न होऊन १९७३ साली ती ब्रिस्टलला आली. नवरा शशिधर तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. इतर डॉक्टरांच्या बायका एकमेकींकडे भिशीला जायच्या, तेव्हा अलकाने टॉलिव्हर रोपवेज नावाच्या कंपनीत ट्रेसरची नोकरी धरली. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंगं पारदर्शक फिल्मवर शाईने उतरवायची, हे तिचं काम. टॉलिव्हरने आधी खाणींतला कोळसा नि चुनखडी वाहणारे रोपवे बांधले, आणि खाणी बंद पडायला लागल्या तशी डोंगरावर माणसं चढवणाऱ्या लिफ्ट करायला घेतल्या. ऑफिसात अलका हे नाव कुणाच्या जिभेला वळेना. पहिल्याच आठवड्यात चीफ ड्राफ्ट्समन हेलने तिची ॲलिस करून टाकली. आडनाव तर त्याने कधी लक्षातही ठेवलं नाही.

तिला काम मनापासून आवडायचं. चेअरलिफ्टचा पोलादी दोर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड फिरत असतो आणि त्याला ठराविक अंतरावर खुर्च्या लटकवलेल्या असतात. खुर्चीचा दांडा ज्या चिमट्याने दोर पकडतो, त्याला ग्रिप म्हणतात. सगळ्यांचा जीव त्या ग्रिपवर. टॉलिव्हरच्या ग्रिपमध्ये बशीसारख्या खोलगट पोलादी चकत्या एकावर एक रचलेल्या असत. त्या दाबल्या गेल्या की स्प्रिंगसारखा जोर लावून चिमटा आवळून धरत. दोर वापराने ताणतो, बारीक होतो. तसं झालं तरी पकड ढिली पडू नये, यासाठी चकत्या पुरेशा लागतात. स्कॉटलंडमधल्या एका स्की-सेंटरसाठी जी ग्रिप केली, तिच्यात चौदा होत्या. ते ड्रॉइंग अलकाने उतरवलं, चौदाचा आकडा घातला आणि कोपऱ्यात स्वतःची अक्षरं घातली. ए. एस. हा ऑक्टोबर १९७७.

१९७९ च्या फेब्रुवारीत, दुसऱ्याच सीझनला, चढाच्या सगळ्यात उभ्या जागी एका रिकाम्या खुर्चीची पकड सुटली. खुर्ची दोरावरून मागे घसरत आली आणि मागच्या खुर्चीतून दुरुस्तीला वर चाललेल्या कॅलम रेनी नावाच्या कामगारावर आदळली. तो सव्वीस वर्षांचा होता. कंबरेचं हाड मोडलं, उजवा पाय कायमचा आखूड झाला. चौकशीत ग्रिप उघडल्या, तेव्हा प्रत्येकीत अकराच चकत्या निघाल्या. इंजिनिअरच्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगात चौदा होत्या, पण कारखान्यातलं शाईचं ड्रॉइंग काढलं, तर त्यावर अकरा. आणि कोपऱ्यात ए. एस.

"मी चौदा लिहिले होते," अलकाने सांगितलं. एकदा नाही, चार वेळा सांगितलं. हेल तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. चौकशी करणाऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "मुलगी मेहनती आहे. पण इंग्रजी आकडे तिला नवीन."

जिने इंग्रजी आकड्यांत डिप्लोमा पहिल्या वर्गात पास केला होता, तिच्याबद्दल.

रिपोर्टात 'ट्रेसरची चूक' असं आलं, आणि रोजची तपासणी नीट केली नाही म्हणून थोडा दोष रेनीवरही आला. अलकाची नोकरी गेली. तिला कामगारांच्या ट्रायब्यूनलकडे दाद मागायला जायचं होतं. पण त्याच महिन्यात शशिधरचा कन्सल्टंटच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता. "आत्ता पेपरात नाव नको यायला," तो म्हणाला. "जाऊ दे ना, तुला दुसरी मिळेल." दुसरी मिळाली नाही. शहरात ड्रॉइंग ऑफिसं पुष्कळ होती, पण टॉलिव्हरचं पत्र तिच्याआधी तिथे पोचत असे. शेवटी कौन्सिलच्या एका खात्यात ती टायपिस्ट म्हणून लागली. शाळेच्या बसचे रूट टाइप करत तिने बावीस वर्षं काढली. त्या काळात तिने शाईच्या रेघा काढायचं रूलिंग पेन हातात धरलं नाही. टॉलिव्हर १९८६ मध्ये बंद पडली, तेव्हासुद्धा तिला बरं वाटलं नाही. कंपनी मेली, हेल राहिला होता.

सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्याच्याकडे जाऊ लागली. हेल खुर्चीत बसून सांगायचा, ती कॉम्प्युटरवर टाइप करायची. माणूस सांगायचा छान, हे तिला कबूल करावं लागलं. १९३४ साली दावोसला एका इंजिनिअरने माणसांना बर्फावरून ओढत नेणारी पहिली मोठी लिफ्ट कशी उभी केली. पुढे दोन वर्षांनी अमेरिकेत एका रेल्वे कंपनीच्या माणसाला, केळ्यांचे घड जहाजात चढवणारे आकडे आठवून, त्याच आकड्यांना खुर्ची लावायची कल्पना कशी सुचली. फ्रेंचांनी दांड्याला बशी लावली आणि ती माणसाच्या दोन पायांत अडकवून त्याला वर न्यायला सुरुवात केली, तेव्हा ब्रिटिश कारखानदार कसे हसले, आणि पाचसहा वर्षांत स्कॉटलंडचे डोंगर फ्रेंच बशांनी कसे भरून गेले. "आम्ही हसत बसलो आणि ते विकत गेले," हेल म्हणायचा. आता तर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या दोन सगळ्यात मोठ्या कंपन्याही एक झाल्या होत्या. ब्रिटनचं नाव कुठे उरलं नव्हतं. टॉलिव्हर आठवणारी माणसं पन्नासही नसतील, आणि त्यांच्यासाठीच हेलला पुस्तक हवं होतं. एडिनबराची एक इतिहास-सोसायटी ते छापणार होती.

कधीकधी ऐकताना अलकाची बोटं थबकत. हे सगळं तिचंही होतं. मग हेल मध्येच "आमचा हा चहा गार झाला की काय" म्हणत कपात बोट बुडवून बघायचा आणि तिच्या मनात क्षणभर काहीतरी हलायचं. ती लगेच सातवं प्रकरण आठवायची. ते त्याने डिसेंबरातच सांगून टाकलं होतं. त्यात 'ॲलिस नावाची, देखणा हात असलेली पण निष्काळजी परदेशी ट्रेसर' होती. अलकाने ते शब्द न् शब्द टाइप केलं, स्पेलिंग तपासलं आणि सेव्ह केलं.

ती आली होती ती त्याच्या गॅरेजसाठी. कंपनी बंद झाली तेव्हा हेलने सगळी मायक्रोफिल्म घरी नेऊन ठेवली, हे तिने तेव्हाच ऐकलं होतं. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, प्रत्येकाच्या मधोमध एक छोटी खिडकी आणि त्या खिडकीत एका ड्रॉइंगची फिल्म. टॉलिव्हरमध्ये ड्रॉइंग कारखान्यात जाताना दर वेळी त्याचा असा फोटो काढत. चौकशीत ही कार्डं कुणी मागितलीच नव्हती. अकरा खोकी होती. आत काय आहे हे हेलला दिसत नव्हतं आणि इतकी वर्षं त्याने बघितलंही नव्हतं. "फोटोंसाठी चांगली ड्रॉइंगं निवडा तुम्ही," त्याने आपण होऊन किल्ली तिच्या हातात दिली. "तुम्हाला त्यातलं कळायला लागलंय."

नववं खोकं तिने २००५ च्या मार्चमध्ये उघडलं. एकाच ग्रिपची, एकाच नंबराची दोन कार्डं निघाली. एकावर तारीख ३ ऑक्टोबर १९७७, दुसऱ्यावर २१ नोव्हेंबर. तिने ती लायब्ररीतल्या मायक्रोफिल्मच्या यंत्राखाली धरली. पहिल्यावर चौदा. दुसऱ्यावर अकरा. शाईने काढलेलं ड्रॉइंग बदलायचं तर ब्लेडने आकडा खरवडतात. खरवडलेल्या जागी ड्रॉइंगची फिल्म खरखरीत होते आणि नवी शाई जराशी पसरते. अकरातल्या दुसऱ्या एकाभोवती तशी पसरलेली शाई स्पष्ट दिसत होती. शिवाय अलकाचा एक म्हणजे सरळ काठी. ह्या दुसऱ्या एकाला वर चोच होती. हेल एकाला चोच काढतो, हे त्या ऑफिसात शिपायालाही माहीत होतं. बदलाची नोंद करायचा रकाना कोरा होता आणि खाली तिचीच अक्षरं होती. ए. एस.

ती यंत्रासमोरून उठली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं झालं का, तेव्हा ती म्हणाली, "नाही हो. आत्ता कुठे सुरू होतंय."

घरी शशिधरला तिने प्रिंट दाखवल्या. तो आता रिटायर झाला होता. त्याने चष्मा बदलून दोन्ही बघितल्या.

"मी तुला तेव्हा थांबवलं," तो म्हणाला.

"हो."

"चुकलंच माझं, अलका."

"अहो, तुमचं नंतर बघू," ती प्रिंट आवरत म्हणाली. "आधी त्याचं."

काय करायचं, यावर तिने महिनाभर विचार केला. सगळ्यात सोपं काय, ते तिला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. सातवं प्रकरण बदलून टाकायचं. हेलच्या तोंडून, हेलच्या नावाने, सगळं खरं लिहायचं. त्याला जुनं वाचून दाखवायचं आणि छापायला नवं पाठवायचं. स्वतःच्याच पुस्तकात स्वतःचा कबुलीजबाब. एका दुपारी हेल खुर्चीत डुलक्या घेत असताना तिने ते लिहूनसुद्धा काढलं. सहा पानं. लिहिताना इतकी मजा आली की गाल गरम झाले.

मग ती सहा पानं तिने पुसून टाकली. दया आली म्हणून नाही. दुसऱ्याच्या सहीवरचा मजकूर गुपचूप बदलायचा, हेच तर त्याने केलं होतं. आणि उद्या कळलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? आंधळ्या म्हाताऱ्याला त्याच्या इंडियन टायपिस्टने फसवलं. पुन्हा सगळं तिच्याच माथी. तिला तिचं नाव हवं होतं, उघड, ठळक आणि बरोबर स्पेलिंगने.

म्हणून तिने वाट बघायची ठरवली. पुस्तक छापून होऊ द्यायचं. त्याचं खोटं चारशे प्रतींत, पक्क्या बांधणीत, त्याच्या सहीशिक्क्यानिशी बाहेर पडू द्यायचं. मग कार्डं काढायची.

तिची मुलगी वरदा एडिनबराच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होती. तिला हे फोनवर कळलं.

"आई, तू त्याला आत्ता का नाही सांगत? ही बदला आहे. यू नो दॅट, राइट?"

"हा बदला," अलकाने दुरुस्त केलं. "आणि हो, आहे."

"बट ही इज ब्लाइंड. तो तुझ्यावर ट्रस्ट करतो."

"मीही त्याच्यावर ट्रस्ट केला होता. माझे तर डोळेही चांगले होते."

पुढचं दीड वर्ष ती नेमाने गेली. प्रुफं वाचून दाखवली. एकदा मिल्टन कीन्सला छपराखालच्या खऱ्या बर्फाच्या उतारावर त्याला घेऊन गेली. तिथल्या लिफ्टचा आवाज ऐकून त्याने, ऑस्ट्रियन गिअरबॉक्स आहे, असं ठासून सांगितलं. परतताना तो गाडीत म्हणाला, "मिसेस सबनीस, तुमच्यासारखी माणसं तेव्हा ऑफिसात असती तर टॉलिव्हर बुडाली नसती." अलकाने राउंडअबाउटवर चुकीचा एक्झिट घेतला. दिवसभरात तिची तेवढीच एक चूक झाली.

२००६ च्या सप्टेंबरात पुस्तक छापून आलं. त्याच दिवशी तिने दोन्ही कार्डं, त्यांच्या प्रिंट आणि एक पत्र सोसायटीचे सेक्रेटरी मॉरिस इनस यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. दुसरं पत्र कॅलम रेनीला. तिसऱ्या दिवशी इनसचा फोन आला. आवाज पडला होता. पुस्तकं परत घेणं शक्य नव्हतं, पण प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येईल, म्हणाले. मात्र बदल कुणी केला हे चिठ्ठीत छापायचं, तर हेलची कबुली हवी.

"मिळेल," अलका म्हणाली.

ती गेली तेव्हा हेल पुस्तकाच्या कव्हरवरून तळवा फिरवत बसला होता. "सातवं वाचा ना," तो म्हणाला. "त्यात वेग चांगला जमलाय." तिने सातवं प्रकरण वाचून दाखवलं. सगळं, ॲलिससकट. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "त्या ट्रेसरने चौदा लिहिले होते. तुम्ही ब्लेडने खरवडून अकरा केले. एकवीस नोव्हेंबरच्या आधी. दोन्ही कार्डं तुमच्याच गॅरेजात होती. आता एडिनबराला आहेत."

हेलची मान तिच्या आवाजाकडे वळली, मग जरा बाजूला, जिथून तिचा कान दिसेल अशी.

"कोण आहात तुम्ही?"

"ए. एस."

हेल ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "ॲलिस."

"अलका. तीस वर्षांपूर्वीही अलकाच होतं."

"चकत्या मिळत नव्हत्या," तो भराभर बोलायला लागला. "पुरवठादाराने हात वर केले. डिसेंबरात लिफ्ट सुरू व्हायची होती. वर सांगितलं असतं तर काम गेलं असतं. मला वाटलं, अकरा चालतील. चालायला हव्या होत्या."

"वाटलं ना? मग स्वतःची सही का नाही केलीत?"

त्याने टायची गाठ सैल केली.

"चौकशीच्या वेळी तरी बोलायचं होतं. मी शेजारी बसले होते."

"तुला नवरा होता," हेल म्हणाला. "डॉक्टर. तुमचं काय, तुम्ही परत इंडियाला जाल असं मला वाटलं. माझी तर सगळी जिंदगी त्या ऑफिसात होती. तुला काय असा फरक पडणार होता?"

दोन वर्षं 'मिसेस सबनीस, तुम्ही' म्हणणारा माणूस एका क्षणात 'तू'वर आला होता. अलकाला आत कुठेतरी गार, स्वच्छ आनंद झाला. हाच हेल तिला हवा होता.

"मला काय फरक पडला, सांगू?" ती म्हणाली. "मी बावीस वर्षं शाळेच्या बसचे रूट टाइप केले. रस्त्यात कुठला पूल दिसला, क्रेन दिसली, की मी दुसरीकडे बघत असे. मुलीने विचारलं, आई तू आधी काय करायचीस, तर टायपिंग म्हणून सांगत असे. आणि तुम्ही ह्या पुस्तकात मला निष्काळजी म्हणालात. ते मीच टाइप केलं."

"मग तेव्हाच थांबवायचं होतंस. मी बदललं असतं."

"म्हणूनच नाही थांबवलं."

त्याने चेहरा हातांत धरला. अलका बघत राहिली. तिने नजर वळवली नाही, पाणीही आणून दिलं नाही. थोड्या वेळाने तिने इनसनी पाठवलेला चिठ्ठीचा मसुदा वाचून दाखवला. ग्रिपच्या चकत्यांची संख्या मुळात चौदा होती. ट्रेसर अलका सबनीस यांचं ड्रॉइंग बरोबर होतं. नोंद न करता तो आकडा आपण बदलला, हे तेव्हाचे चीफ ड्राफ्ट्समन आर. हेल मान्य करतात.

"नाही केली सही तर?"

"तर ही दोन कार्डं सोसायटीच्या मासिकात छापतील, शेजारी शेजारी. तुमची चोच सगळ्यांना ओळखता येते."

तो हसल्यासारखा झाला. मग म्हणाला, "रेघ कुठे आहे, दाखव." बँकेच्या कागदांवर सह्या करताना ती नेहमी धरत असे, तशीच तिने पेनखाली पट्टी धरली. त्याने सही केली.

"चहा करू का?" त्याने विचारलं.

"नको," म्हणून ती उठली. गॅरेजची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. घरापर्यंत ती चालत गेली, तीन मैल, बस सोडून.

ऑक्टोबरात एडिनबराला समारंभ होता. अलका दुपारीच सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन बसली. चिठ्ठ्या चिकटवायचं काम तिने इनसकडून मागून घेतलं होतं. वरदा पुस्तक उघडून द्यायची, अलका ब्रशने गोंद लावून पान १६३ वर चिठ्ठी बसवायची, कडेला कडा जुळवून. सगळ्या सारख्या, सरळ. हात जुना होता, विसरला नव्हता. हेल येणार नव्हता. त्याने तब्येतीचं कारण कळवलं होतं.

साडेचारच्या सुमाराला एक ठेंगणा, जाडसर माणूस काठी टेकत आत आला. चालताना उजवीकडे झुकत होता.

"मिसेस सबनीस? मी कॅलम रेनी."

अलका उठून उभी राहिली. ह्या भेटीची तिने कितीतरी वेळा मनात तयारी केली होती. तिने पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने उभ्याउभ्याच चिठ्ठी वाचली, दोनदा.

"ही कार्डं तुम्हाला कधी सापडली?"

"मार्चमध्ये."

"ह्या मार्चमध्ये?"

"गेल्या वर्षी," ती म्हणाली.

रेनीने काठीवरचा भार बदलला. "माझे वडील ह्या जानेवारीत गेले," तो म्हणाला. "ते त्याच लिफ्टवर फोरमन होते. रिपोर्टात तपासणीत हलगर्जी असं आलं ना, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण 'तू नट नीट बघितले असतेस तर', एवढंच मला एकदा म्हणाले होते. सत्तावीस वर्षांत एकदाच." तो थांबला. "त्यांना वाचता येत होतं शेवटपर्यंत. चष्मासुद्धा लागत नव्हता."

अलकाने गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं. वरदा खाली बघत होती.

"तुम्ही कशाची वाट बघत होतात?"

"पुस्तक छापून होण्याची."

त्याने मान हलवली, समजलं अशी. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पुस्तक त्याने कोटाच्या आत घातलं, वरदाकडे बघून गुड आफ्टरनून म्हणाला आणि आला तसा, उजवीकडे झुकत, निघून गेला. समारंभाला थांबला नाही.

"आई," वरदा हळूच म्हणाली, "बस् कर आता. बाकीचे मी लावते."

"नाही," अलका म्हणाली. "दे इकडे." उरलेल्या सव्वाशे प्रती तिने स्वतः पुऱ्या केल्या.

संध्याकाळी इनसनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. टॉलिव्हरची सहा-सात म्हातारी माणसं आली होती. त्यांतल्या एकाने तिच्याकडे वळून, "म्हणजे ॲलिस तू?" विचारलं. तिने नाव सांगितलं आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. टाळ्या वाजल्या. तिला त्या आवडल्या. खोटं कशाला बोलायचं?

हेल पुढे चार वर्षं जगला. टायपिस्टने दगा दिला, असं तो भेटेल त्याला सांगत असे. ते अलकाच्या कानावर येई आणि तिला त्याचं काही वाटत नसे. हेलबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही, तो गेला तेव्हाही नाही. कॅलम रेनीला मात्र तिने दोन पत्रं लिहिली. पहिल्यात तिने कारणं दिली होती. दुसऱ्यात कारणं नव्हती, फक्त माफी होती. एकाचंही उत्तर आलं नाही.